पबच्या बाहेर थांबलेली मुलगी

‘ही बाई आई व्हायच्या लायकीची नाही.’ लघुपट संपला होता, नावं वर सरकत होती, आणि माझी मैत्रीण एवढंच बोलली. चिडून नाही, अगदी शांतपणे. रविवारी दुपारी आम्ही चारदोन जणी माझ्याकडे जमलो होतो, लहान लहान लघुपट एकामागून एक बघायचे असं ठरवून. मैत्रीण पाळणाघर चालवते. पोरांची नाकं पुसण्यात, त्यांना मऊ वरणभात भरवण्यात, झोपेतून रडत उठलेल्याला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालण्यात तिची उमेदीची वर्षं गेली आहेत. एखाद्या पोराच्या आईला ऑफिसातून यायला रात्र झाली तर ते पोर मांडीवर घेऊन दारात बसून राहणारी ती बाई आहे, आणि त्याचे जास्तीचे पैसे तिने कधी मागितलेले मला माहीत नाहीत. दुसरं कुणी हे वाक्य बोललं असतं तर मी तिथल्या तिथे वाद घातला असता. तिच्याशी घालवेना. चहा झाला, विषय बदलला, सगळ्या आपापल्या घरी गेल्या. वाक्य मात्र माझ्याकडेच राहिलं.

लघुपट होता ब्रिटिश दिग्दर्शिका अँड्रिया अर्नल्डचा ‘वास्प’, म्हणजे गांधीलमाशी. 2003 सालचा, अर्ध्या तासाच्या आतच संपणारा, आणि 2005 साली ऑस्कर मिळालेला. इंग्लंडमधलं डार्टफर्ड, लंडनच्या पूर्वेला थेम्सच्या काठाशी असलेलं गाव. तिथली सरकारी घरांची वस्ती. सुरुवातीलाच एक तरुण बाई अनवाणी, रात्रीच्या कपड्यांत जिना उतरत धावत येते. कडेवर उघडं बाळ, मागून तीन मुली. कुणीतरी तिच्या मुलीवर हात उगारला म्हणून ती भांडायला निघाली आहे. भांडण होतं, गवतावर लोळण होते, ही हरते. हरून परत जाताना ती त्या बाईला मधलं बोट दाखवते, आणि तिच्या मुलीही दाखवतात. या बाईचं नाव झोई. मुलींची नावं ‘केली’, ‘शिनेड’ आणि ‘लियान’, आणि बाळाचं नाव ‘काय’ (Kai). बाप कुठे आहे याची चौकशी लघुपट करत नाही, आणि मलाही ती कराविशी वाटली नाही.

घरी परतताना वाटेत एक गाडी थांबते. डेव्ह. पूर्वीच्या ओळखीचा. तो विचारतो, ही पोरं तुझी? झोई म्हणते, छे, मैत्रिणीची आहेत, सांभाळते आहे. पुढचं सगळं या एका खोट्यावर उभं आहे. संध्याकाळी पबमध्ये भेटायचं ठरतं. घरात खायला काही नाही, ब्रेडला बुरशी आलेली, मग साखरेची पिशवी काढून मुलींच्या पुढे धरली जाते आणि त्या बोटांनी साखर खातात. सांभाळायला कुणी मिळत नाही. मग ही नटून, बाबागाडी ढकलत, मुलींना घेऊन पबपर्यंत चालत जाते, त्यांना बाहेर उभं करते आणि आत शिरते. मध्ये येऊन कोक आणि वेफर्सचं पाकीट देऊन जाते. उन्हाची वेळ सरते, अंधार पडतो. मुली बाहेरच.

साखरेपाशी मी थांबले. सोलापूरला आमच्या वाड्यात खालच्या खोलीत एक वैनी राहायची. नाव लिहीत नाही, तिची मुलं आहेत आणि ती आपापल्या संसारात आहेत. नवरा कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. वैनी बिड्या वळायची. तिच्या खोलीत शिरलं की भिजवलेल्या पानांचा ओलसर वास आणि तंबाखूचा घसा धरणारा वास एकदम यायचा. पत्ता, म्हणजे मापाचा साचा, धरून पानं कापायची, सूप मांडीवर घ्यायचं, आणि बोलत बोलत, न बघता, बिडी वळून दोरा गुंडाळायचा. कारखान्यात माल द्यायला गेली की छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या बिड्या, किती निघाली त्यावर तिचा त्या दिवशीचा चेहरा ठरायचा. महिनाअखेरीला तिच्या पोरांच्या हातात चपातीत गुंडाळलेली साखर दिसायची, आणि कधी चपाती नसतानाही साखर. आम्हाला त्याचा हेवा वाटायचा. नुसती साखर खायला मिळणं ही आमच्या लेखी चैन होती.

एका वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, होम मैदानावर पाळणे लागले होते, नंदीध्वजांची मिरवणूक होऊन गेली होती, थंडी होती. वैनी संध्याकाळी नटली. केसांत गजरा, अंगावर हिरवं पातळ, ते मी त्याआधी तिच्या अंगावर पाहिलेलं नव्हतं. पोरांना आत ठेवून तिने दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि ती गेली. कोपऱ्यावर सायकल घेऊन कुणीतरी उभा होता, हे वाड्यातल्या सगळ्या बायकांनी पाहिलं. तासाभरात धाकटा रडायला लागला. मोठी, माझ्याच वयाची, खिडकीचे गज धरून उभी राहिली. माझ्या आईने भाकरीचे तुकडे दुधात कुस्करून वाटीत घातले आणि गजांतून आत दिले. ‘पोरांचा काय दोष?’ असं ती म्हणाली. ते म्हणताना तिचा आवाज मुद्दाम मोठा होता, शेजारच्यांना ऐकू जाईल इतका. तो आवाज मला अजून आठवतो, आणि त्यात माया होती हेही मला माहीत आहे. भाकरी खरी होती. बोलणंही खरं होतं. आमच्या वाड्याने त्या पोरांना कधी उपाशी झोपू दिलं नाही, आणि त्यांच्या आईला त्या रात्रीनंतर कधी सुखाने पाणी भरू दिलं नाही.

वैनीचं तेव्हा वय काय असेल? आत्ता माझ्या भाचीचं जे आहे तेच. भाची परवा रात्री बारा वाजता मैत्रिणींबरोबर नाटक बघून, वडापाव खाऊन घरी आली आणि आम्ही तिला नाटक कसं होतं एवढंच विचारलं.

मैत्रिणीचं वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं तेव्हा एक गोष्ट टोचायला लागली. समजा झोई त्या पबमध्ये भांडी घासायला गेली असती. मुली तेवढाच वेळ बाहेर थांबल्या असत्या, तेवढ्याच भुकेल्या राहिल्या असत्या, तीच गांधीलमाशी आली असती. आपण तिला नालायक म्हटलं असतं का? आपल्याकडे ऊसतोडीच्या फडाच्या बांधावर झोळीत बाळ टाकून आई दिवसभर कोयता चालवते. झोळीभोवती माश्या असतात, ऊन फिरतं तशी सावली सरकून जाते. त्या आईला आपण मजबुरी म्हणतो आणि आपले डोळे भरून येतात. दोन्हीकडे मूल एकटंच आहे. फरक एवढाच की एकीने ते काम करण्यासाठी एकटं सोडलं आणि दुसरीने एक ग्लास बिअर आणि कुणीतरी आपल्याकडे बाई म्हणून बघावं यासाठी. गरीब आईला कष्टाची मुभा आहे. तिची इच्छा मात्र आपल्याला सहन होत नाही. अगतिकता म्हणजे भूक, औषध, भाडं असं आपण धरून चालतो, आणि त्या यादीत एखादी संध्याकाळ बसत नाही. झोईच्या चेहऱ्यावर पबमध्ये शिरताना जे येतं ते बघा. घाबरलेली असते, हातात पैसे अगदी थोडे, दर काही वेळाने बाहेर धावायचं असतं, आणि तरीही तिथे ती कुणाची आई नसलेली एक मुलगी होऊन उभी राहते. मला ते बघताना तिचा राग आला नाही. मला ती उपाशी दिसली, मुलींइतकीच.

हे सगळं मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तू म्हणतेस ते आईचं झालं. पोराला आई कशाला गेलीय ते कळत नाही गं. पोराला फक्त उशीर कळतो.’

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही नाही. पण तिच्या त्या बोलण्याने मी लघुपट पुन्हा लावला, आणि या वेळी आईकडे न बघता बाहेरच्या मुलींकडे बघत राहिले. तेव्हा लक्षात आलं की छायाचित्रकार रॉबी रायनचा कॅमेरा कितीदा तरी बाहेरच असतो. हातात धरलेला, सारखा हलणारा, पोरांच्या उंचीला उतरलेला, त्यांच्या कानाजवळून जग बघणारा. पबचं दार उघडलं की आतला कोलाहल बाहेर सांडतो आणि दार मिटलं की बंद होतो. त्यांच्यातली मोठी, केली, आठनऊ वर्षांची असेल. ती बाळाची गाडी हलवते, धाकटींना खेळवते, त्यांच्यावर ओरडते, पुन्हा दाराकडे बघते. आईने तिला सांगितलेलं नसतं पण तिला सगळं कळलेलं असतं, आत काय चाललंय आणि आपण का दिसता कामा नये. ती आईचं खोटं बाहेरून धरून ठेवते आहे. आईची संध्याकाळ तिच्या जिवावर उभी आहे.

अर्नल्डचा जन्म 1961 चा, याच डार्टफर्डमधला. ती जन्मली तेव्हा तिची आई 16 वर्षांची होती आणि वडील 17 चे. पुढे आईवडील वेगळे झाले आणि आईने एकटीने चार मुलं वाढवली. अर्नल्ड त्यांच्यातली सगळ्यात मोठी. 1980 च्या दशकात ती ब्रिटिश टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमांत दिसायची, मग अमेरिकेत जाऊन चित्रपटाचं शिक्षण घेतलं, ‘मिल्क’ आणि ‘डॉग’ हे दोन लघुपट केले, आणि तिसरा लघुपट करायला ती कॅमेरा घेऊन आपल्या गावात परत आली. ऑस्कर घेताना तिचं वय 43 होतं. हे वाचल्यावर मला तो लघुपट उलटा दिसायला लागला. चार मुलं, एकटी तरुण आई, मोठी मुलगी. मी आत्तापर्यंत झोईची गोष्ट समजून बघत होते. आता वाटतं, ही बाहेर थांबलेल्या मुलीने केलेली गोष्ट आहे. तिने मोठी झाल्यावर पबचं ते दार ढकललं आणि कॅमेरा घेऊन आत गेली, आई इतका वेळ आत काय करत होती ते बघायला. आणि तिथे तिला राक्षसीण सापडली नाही. घाबरलेली, हसू आणणारी, ओठांना रंग लावलेली एक पोरगी सापडली, स्वतःपेक्षा वयाने कितीतरी लहान. अर्नल्डच्या आईने तिला कुठे बाहेर उभं केलं होतं असं मला म्हणायचं नाही. लघुपट हा कुणाचा जबाब नसतो. पण एवढ्या जवळून, एवढ्या कमी रागाने आईकडे बघायला मुलीला वयाची किती वर्षं लागत असतील याचा अंदाज मला आहे. अगतिकतेच्या गोष्टीत परिवर्तन कुणाचं झालं असं कुणी विचारलं तर मी झोईचं नाव घेणार नाही. केलीचं घेईन, आणि तेही पडद्यावर घडलेलं नाही. ते लघुपट तयार होण्याच्या आधी कधीतरी, कॅमेऱ्यामागच्या बाईत घडून गेलेलं आहे.

म्हणून गांधीलमाशीचा प्रसंग इतका असह्य होतो. रात्र झाली आहे, झोई आता डेव्हच्या गाडीत आहे, मुलींनी कुणाच्या तरी हातून रस्त्यावर पडलेलं खाणं उचलून खाल्लं आहे, बाळालाही दिलं आहे. बाळाच्या तोंडाला सॉस. त्यावर गांधीलमाशी बसते, चालते, ओठांवरून आत जाते. कॅमेरा तिथून हटत नाही. पहिल्यांदा बघताना मी उशी तोंडाशी धरली होती आणि मैत्रीण उठून उभी राहिली होती, जणू पडद्यात हात घालून ती माशी हाकलणार होती. मुली किंचाळतात. झोई गाडीतून उतरून धावत सुटते. तिने सकाळपासून जपलेलं खोटं त्या धावण्यात संपतं, एक शब्दही न बोलता. मैत्रिणीच्या मुलांसाठी कुणी तसं धावत नाही. माशी बाहेर येते, बाळाला काही होत नाही. सगळे रडत असतात. आणि डेव्ह तिथे उभा असतो आणि त्याला सगळं कळलेलं असतं. नटाली प्रेसने झोईचं ते धावणं ज्या रीतीने केलं आहे त्याला मी अभिनय म्हणत नाही, मला दुसरं काही म्हणता येत नाही म्हणून म्हणायचं.

वैनीची मोठी मुलगी मला मध्ये एका लग्नात भेटली. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत बसायला वेळ होता, आम्ही मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो. जुन्या वाड्याचा विषय निघाला की लोक त्या रात्रीचा उल्लेख टाळतात, मीही टाळत होते. तिनेच काढला. म्हणाली, ‘आई त्या दिवशी काय सुंदर दिसत होती, आठवतं का तुला? जाताना तिनं पावडर लावली ना, आमच्या तिघांच्या गालांना पण लावली.’ मी म्हटलं, तू खिडकीत होतीस. ‘होते की. भूक लागली होती, भीती वाटत होती. धाकट्याला गप करता येईना. पण आई परत आली तेव्हा तिच्या पदरात शेवचिरमुरे होते, आणि ती गाणं गुणगुणत होती. मी तिला गाताना त्याच्या आधी पण नाही ऐकलं, नंतर पण नाही.’ मग थोडा वेळ ती मुलाबाळांचं बोलत राहिली, आणि मध्येच म्हणाली की तिच्या घराच्या दाराला तिने बाहेरची कडी बसवूच दिलेली नाही. सुताराशी भांडली म्हणे त्यावरून. ही दोन्ही वाक्यं तिने एकाच आवाजात सांगितली. मी ती दोन्ही तशीच ठेवून घेतली आहेत. त्यातलं एक खरं मानून दुसरं सोडून द्यावं असं मला वाटत नाही.

मला ‘वास्प’मध्ये खटकतो तो डेव्ह. तो निघून जात नाही. मुलींना गरमागरम बटाट्याचे चिप्स घेऊन देतो, सगळ्यांना गाडीत बसवतो, झोई शेजारी बसते, मागच्या सीटवर मुली खातात आणि गाणं म्हणतात. बघताना पोटात गरम काहीतरी गेल्यासारखं वाटतं हे खरं. पण बाईच्या अंगावरचं ओझं हलकं व्हायला एक बरा पुरुष गाडी घेऊन यावा लागतो हे मला पटत नाही, आणि मला शंका आहे की अर्नल्डलाही ते पुरतं पटलेलं नसावं. कारण 2009 साली तिने ‘फिश टँक’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला, त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ज्यूरीचं पारितोषिक मिळालं. तशीच वस्ती, तशीच एकटी आई, आणि मोठी मुलगी मिया आता 15 वर्षांची. तिथेही आईचा एक मित्र येतो, प्रेमळ, गाडी असलेला, सगळ्यांना फिरायला नेणारा, मियाच्या नाचाचं कौतुक करणारा. आणि तोच पुढे मियाशी जे करतो त्यानंतर डेव्हच्या त्या चिप्सकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही. लघुपटात जे दार तिने आशेने उघडं ठेवलं होतं त्यातून पुढे कोण येऊ शकतं हे तिने स्वतःच दाखवलं.

त्या चित्रपटाच्या शेवटाकडे मिया घर सोडून निघते. आई आणि तिचं धड बोलणंही होत नाही. आई कानठळ्या बसवणारं गाणं लावून दिवाणखान्यात एकटीच नाचत असते. मिया तिच्यासमोर उभी राहते आणि तिच्या पावलांनी नाचायला लागते, धाकटी बहीणही मागे येते, आणि तिघी एकच नाच नाचतात. मैत्रिणीला मी हा चित्रपटही दाखवला. त्या नाचापाशी तिने मला थांबवायला सांगितलं, मागे घेऊन पुन्हा बघितला. मग म्हणाली, मुलगी जाते ते बरं करते, आणि आई अजूनही मला आवडलेली नाही. मी म्हटलं, मला आवडते. तिने पुढच्या रविवारी ‘मिल्क’ लाव म्हणून सांगितलं आहे.